पळसाचा पुतळा

“उजवा पाय पुढे करा, बाईसाहेब,” विसूभट उपाध्ये म्हणाले.

मी केला. करंजगडच्या राजवाड्याचा मधला चौक माणसांनी खच्चून भरला होता. विसूभट म्हणजे राजघराण्याचे पुरोहित. डोळे अधू झालेले, तरी कुणाचा हात धरून चालतील तर शपथ. ते खाली वाकले आणि माझ्या घोट्यावरच्या डागावर त्यांनी बोट टेकवलं.

“हा कशाचा?”

“भुईनळ्याचा. दिवाळीतला. आऊसाहेबांनी कोरफड लावली आणि तुम्ही म्हणालात, मुलीच्या जातीला दारूकाम हवंय कशाला. आबासाहेबांना आला राग. त्या दिवशीची तुमची दक्षिणा बुडाली.”

चौकात हशा पिकला. विसूभटही हसले आणि हसता हसता त्यांना रडूच कोसळलं. “विमलाराजेच! आमच्या विमलाराजेच या!” असं म्हणत त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी विमलाराजेंचा विजय असो म्हणून आरोळी ठोकली आणि सगळा चौक घुमला.

मी विमलाराजे नव्हते. आत्ताच सांगून टाकते, कुणाला उगाच झुलवत ठेवायचा माझा स्वभाव नाही. तो डाग मी महिनाभर आधी उलथनं लाल करून स्वतःच्या हाताने दिला होता, तोंडात पदराचा बोळा कोंबून. बाकीचं मात्र सगळं खरं. भुईनळा उडाला तेव्हा विमलाराजेंच्या शेजारी मीच उभी होते.

मी चिमा. राही दाईची लेक. आऊसाहेबांना दूध नव्हतं म्हणून माझ्या आईला वाड्यात आणली, तेव्हा मी दोन महिन्यांची होते. एका अंगाला विमाताई, दुसऱ्या अंगाला मी, अशा आम्ही दोघी वाढलो. ती पलंगावर झोपायची, मी पलंगाखाली. पण झोप लागेपर्यंत तिचा हात खाली लोंबत असायचा आणि मी तो धरून असायची. आम्ही दूधबहिणी. हे नातं रक्ताचं नसतं, पण म्हणून कमी असतं असं कुणी मला सांगायला येऊ नये.

मला गादी नको होती. गादी उरलीच होती कुठे, संस्थान विलीन होऊन तीन वर्षं उलटली होती. दागिने नको होते, शेतं नको होती. मला मल्हारराव काकासाहेबांचा सत्यानाश करायचा होता. तेवढ्या एका कामासाठी मी जगले होते म्हटलं तरी चालेल.

झालं होतं असं. दरवर्षी चंपाषष्ठीला करंजगडचे राजे होडीत बसून तळ्यातल्या टेकाडावरच्या खंडोबाला जायचे. आम्ही नऊ वर्षांच्या होतो त्या वर्षी होडी भर तळ्यात बुडाली. आबासाहेब महाराज गेले, आऊसाहेब गेल्या, कडेवरचे युवराज गेले, दोघे नावाडी गेले. सगळ्यांची प्रेतं मिळाली, विमाताईचं तेवढं मिळालं नाही. महाराजांचे धाकटे भाऊ म्हणजे हे काकासाहेब. ते त्या दिवशी अंगात कणकण आहे म्हणून होडीत चढलेच नव्हते. गादी त्यांच्याकडे आली.

प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पण माणूस नुसतं बेपत्ता असलं तर त्याआधी बारा वर्षं वाट बघायची असते. कुणी सांगावं, असेल कुठेतरी जिवंत. विसूभटांनी तसं सांगूनही पाहिलं. काकासाहेब म्हणाले, “जाळा.” सुतक फिटायच्या आत विमाताईचा पुतळा जळून गेला होता.

आणि आता अकरा वर्षांनी मी उभी राहिले होते. तळ्याच्या सांडव्यातून नदीत वाहून गेले, कोळ्यांनी वाचवलं, कित्येक वर्षं वाचाच गेली होती, अशी माझी गोष्ट. लोकांना ती पटवावी लागली नाही. ती त्यांना हवीच होती. चौकात सगळ्यांनी काही ना काही विचारलं. आचाऱ्याने विचारलं, विमलाराजेंना कशाची किळस होती? पागेतल्या म्हाताऱ्याने घोड्यांची नावं विचारली. मी धडाधड सांगत गेले.

एकट्या काकासाहेबांनी काही विचारलं नाही. खुर्चीत रेलून पान चघळत माझ्याकडे बघत होते, तमाशाला आल्यासारखे. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो कशाला विचारेल? मला जे बघायचं होतं ते मी पहिल्याच दिवशी बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. दार उघडं ठेवलं, पण माणसं लांब उभी केली.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“काय शिकवलं?”

“भुईनळा, कोरफड, दक्षिणा. वाड्यातलं कुणीतरी जुनं माणूस फितूर आहे.”

“काकासाहेब, तुमची पुतणी आहे मी.”

“नाहीस.”

“कशावरून?”

त्यांचं पान चघळणं थांबलं. मग हसून म्हणाले, “मला माहीत आहे.”

“तेच तर विचारतेय. कशावरून माहीत? तुम्ही तर मला एक प्रश्नही विचारला नाहीत.”

“जीभ बाकी राजघराण्यातली आहे हो!” त्यांनी पिकदाणी ओढली, थुंकले. “ऐक. निवडणुकीला उभा आहे मी. माझ्या विरोधात एक कालचा वकील, पण लोक त्याच्यामागे धावताहेत. काल चौकात जी आरोळी उठली तशी माझ्या नावाने कधी उठली नाही. तेव्हा तू राहा. विमला म्हणूनच राहा.”

“उपकार झाले.”

“उपकार नाहीत. विसूभट म्हणतात, पुतळा जाळला म्हणजे शास्त्राने तू मेलीस. आता तुला पुन्हा जन्म घ्यायला हवा. तुपाने न्हाऊ घालायचं, नव्या वस्त्रात गुंडाळायचं आणि घरच्या कर्त्याने मांडीवर घेऊन नाव ठेवायचं. मी घेणार मांडीवर. भर चौकात, सगळ्या तालुक्यासमोर. माझ्या मांडीवर जन्मलीस की माझी लेक. मग आबासाहेबांच्या मिळकतीवर तुझा हक्क राहिला नाही. मतं पडली की लांबचं स्थळ बघून देऊन टाकीन तुला.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर तळं आहेच की,” काकासाहेब म्हणाले. अगदी सहज, जेवायला थांब म्हणावं तसं.

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नंतर तो हात राखेने घासघासून धुतला, तरी मला तो आपला वाटेना.

आता आईचं सांगते. त्याशिवाय माझ्या पोटातली आग कुणाला कळायची नाही.

होडी बुडाली त्या दिवशी मला गोवर आला होता, मी खोलीत पडून होते. आई बागेतल्या घाटावर आली होती. काठावर माणसांचा आरडाओरडा चालला होता, पण तो सगळा गावाच्या बाजूला. बागेच्या बाजूला होते एकटे काकासाहेब. विमाताईला पोहता यायचं, आबासाहेबांनीच शिकवलं होतं. ती पोहत आली आणि घाटाच्या पायऱ्या चढली. आईने तिला डोळ्यांनी बघितलं. तिचं बोलणं कानांनी ऐकलं. ती हुंदके देत म्हणत होती, “काकासाहेब, होडीच्या बुडाचा दट्ट्या कुणीतरी काढला होता! आबासाहेब ओरडले, दट्ट्या नाही म्हणून!”

काकासाहेबांनी तिला उचलून कडेवर घेतलं. आईला म्हणाले, “राही, पळ, कोरडे कपडे आण.”

आई पळाली. देवाचे आभार मानत पळाली बिचारी. परत आली तर घाटावर काकासाहेब एकटेच.

“विमाताई कुठायत?”

“कोण विमा? तुला भास झाला.”

आई गप्प बसली नाही. वाड्यात सांगितलं, देवळात सांगितलं, बाजारात उभी राहून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिच्यावर चोरीचा आळ आला, विमाताईच्या सोन्याच्या बिंदल्या हिने लांबवल्या म्हणून. त्याच मधल्या चौकात तिला चाबकाने फोडली, केस कापले आणि मला तिच्यासकट संस्थानाच्या हद्दीबाहेर हाकलून दिलं. मारून टाकलं नाही, कारण मारलं असतं तर लोकांनी कान टवकारले असते. चोर आणि वेडी ठरवली की काम भागतं.

वाईला एका भिक्षुकांच्या घरी ती धुणीभांडी करायची. पाठ कधी सरळ झाली नाही. कुणीही दिसलं की म्हणायची, “माझी विमाताई जिवंत बाहेर आली होती हो.” पोरं तिच्यामागे तेच वाक्य ओरडत फिरायची. मरतानाही तिने मला तेच सांगितलं आणि मी खरंच मानते ना म्हणून दोनदा विचारलं. स्वतःच्या मुलीला विचारावं लागलं तिला! याचं उट्टं काढायचं, हे मी तिच्या चितेपाशीच ठरवलं.

कसं काढायचं ते मला त्याच भिक्षुकांच्या अंगणात समजलं होतं. एक शिपाई ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आला. घरच्यांनी त्याचा पुतळा जाळलेला. त्याला पुन्हा जन्माला घालताना मी अंगणात भांडी घासत होते. तुपाची आंघोळ, मांडीवर घेणं हे सगळं होतंच. पण त्याआधी एक गोष्ट असते. ज्याने पुतळ्याला अग्नी दिला, त्याने कुलदैवताचा बेलभंडारा हातात घेऊन सांगायचं: मी याचं प्रेत डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून पुतळा जाळला; खोटं असेल तर माझा वंश बुडो. हे बोलल्याशिवाय मागचं मरण मिटत नाही. शिपायाच्या भावाने रडत रडत बेलभंडारा उचलला. मी घासत असलेलं पातेलं तसंच हातात धरून बघत राहिले.

काकासाहेबांना हे ठाऊक नव्हतं. विधी म्हणजे भटांची बडबड, तूप आणि टाळ्या, एवढंच त्यांच्या डोक्यात. विसूभटांना त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

विचारलं होतं काकीसाहेबांनी, त्यांच्या बायकोने.

विधीच्या चार दिवस आधी काकीसाहेबांनी मला न्हाणीघरात बोलावून घेतलं. दासींना बाहेर काढलं आणि स्वतः माझ्या डोक्याला तेल घालायला बसल्या.

“तू कोण आहेस ते मी विचारणार नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “पण जा तू. माझ्या पाटल्या घे, गोठ घे, काय हवं ते घे.”

“का जाऊ, काकीसाहेब?”

“हा विधी होता कामा नये. त्यात बेलभंडारा आहे. मी विसूभटांना विचारलं. इकडून काही विचारायचं नाही, सगळं थोतांड वाटतं ना! सांगायला गेले तर हसायला लागले. म्हणाले, पिवळी पूड ती, चिमूटभर उचलायला काय जातंय.” त्यांनी पुन्हा तेलात बोटं बुडवली. “दोन मुली झाल्या मला त्यानंतर. दोन्ही पाचवीच्या आत गेल्या. एक बाळराजे उरलेत माझे. एकच.”

‘त्यानंतर’ म्हणाल्या. कशानंतर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हिला माहीत आहे! माझी आई वाईच्या रस्त्यांवर दगड खात होती, तेव्हा ही बाई इथे मूग गिळून बसली होती.

कीव आली का? आली. खोटं कशाला बोलू. त्यांची बोटं माझ्याच केसांत होती. पण तिचं एक वाक्य, एकच, माझ्या आईला पुरलं असतं.

“काकीसाहेब,” मी म्हणाले, “शपथ खरी असली तर भ्यायचं कशाला?”

तेलाची वाटी कलंडली. त्या तशाच उठून गेल्या.

पुढचे चार दिवस मी त्यांची पाठ सोडली नाही. जिथे त्या तिथे मी. बाळराजेंचं नाव दिवसातून दहा वेळा काढायची. “बाळराजे काय उंच झालेत हो!” “बाळराजेंचा खोकला अजून आहे वाटतं?” “बाळराजेंना दृष्ट लागेल, काढत जा.” त्यांचं जेवण सुटलं. देवघरात बसायच्या ते बसूनच राहायच्या. मला कुणी दुष्ट म्हणेल तर म्हणू दे. मी काही पुण्य कमवायला आले नव्हते.

विधीच्या दिवशी सगळा तालुका लोटला. मामलेदार आले, फौजदार आले, मोटारी भरभरून गावोगावची माणसं आली. काकासाहेबांनी भगवा फेटा बांधला होता आणि ज्याला त्याला हात जोडत होते. बायकांसाठी चौकाच्या एका अंगाला चिकाचा पडदा सोडला होता. पडद्याआड काकीसाहेब बाळराजेंना घेऊन बसल्या होत्या. चौदा वर्षांचा मुलगा, त्याला धरून ठेवायची काही गरज नव्हती, पण त्यांनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं. चिकाच्या फटींतून मला तेवढं दिसत होतं.

मला तुपाने न्हाऊ घातलं, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलं. तान्ह्या मुलासारख्या मुठी मिटून मी पाटावर बसले. विसूभटांनी ताम्हनात बेलाची पानं आणि भंडारा ठेवून ते काकासाहेबांपुढे धरलं.

“हे काय?”

“बेलभंडारा, सरकार. पुतळा आपण जाळलात. आता शपथ घ्यायची, मग बाईसाहेबांना मांडीवर घ्यायचं.”

काकासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. गर्दीत मतं होती. “आणा इकडे,” ते हसून म्हणाले आणि त्यांनी बेलभंडारा सरळ मुठीत उचलला. हात इतकासाही हलला नाही.

सांगितलं ना, त्यांना कशाचीच भीती नव्हती. माझा नेम त्यांच्यावर नव्हताच.

“मी म्हणतो तसं म्हणा. माझी पुतणी विमला, हिचं प्रेत मी डोळ्यांनी पाहिलं नाही.”

“माझी पुतणी विमला, हिचं प्रेत मी डोळ्यांनी पाहिलं नाही.”

“म्हणून पुतळा जाळला. हे खोटं असेल तर माझा वंश...”

“नका बोलू!”

चिकाचा पडदा फाटल्याचा आवाज झाला. ज्या बाईची सावलीसुद्धा परपुरुषाला दिसली नव्हती, ती डोक्यावरचा पदर खाली लोळत असताना चौकाच्या मधोमध धावत आली आणि तिने नवऱ्याची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“माझ्या लेकरावर खोटी शपथ घेऊ नका! टाका ते! टाका आधी!”

“आत जा,” काकासाहेब दात आवळून म्हणाले.

“नाही जाणार. पाहिलंत तुम्ही तिला! पागेमागच्या आडात टाकलंत, मी माडीवरून बघितलं. ओलं पोर होतं ते, हात हलत होता त्याचा! दुसऱ्या दिवशी आड बुजवलात. मी गप्प राहिले, देवा, मी गप्प राहिले, माझ्या दोन नेल्यास, आता हा तरी ठेव!” त्या तिथेच खाली बसल्या आणि कपाळ फरशीवर आपटू लागल्या.

फौजदार जेवणाच्या आशेने मागे बसले होते, ते उठून पुढे आले.

काकासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. पण माणूस मोठा पक्का. “वेड लागलंय हिला,” ते मोठ्याने म्हणाले. “आडात टाकली म्हणे! अहो, विमला तुमच्यासमोर बसली आहे. धडधाकट. डोळे फुटलेत का तुमचे? तुम्हीच ओळखलंत ना तिला? विसूभट, तुम्ही डाग पाहिलात ना?” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, “बाळ विमला, सांग यांना. सांग तू कोण आहेस ते.”

अकरा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हेच. आता त्यांचा जीव माझ्या हातात होता. मी विमला असेन तर आडात कुणीच नाही.

मी मुठी उघडल्या. अंगावरचं वस्त्र नीट खोचून घेतलं आणि उभी राहिले.

“मी विमलाराजे नाही,” मी म्हणाले. “विमलाराजे आडात आहेत. काढा त्यांना बाहेर.”

दुपारभर माणसं खणत होती. कुणी सांगितलं नाही, कुणी मजुरी मागितली नाही, मतं द्यायला आलेली माणसं धोतरं खोचून उतरली. वर दगड होते, मग माती, मग पुन्हा दगड. उन्हं कलायच्या सुमाराला पागेतल्या म्हाताऱ्याने हात वर केला आणि सगळे थांबले. मी जाऊन बघितलं. एवढीशी होती हो. मनगटाच्या हाडांत सोन्याच्या बिंदल्या तशाच होत्या, ज्या चोरल्या म्हणून माझ्या आईची पाठ फोडली त्याच. विसूभटांनी स्वतःचं उपरणं काढून विमाताईवर पांघरलं. मी तिच्या हाताला हात लावला. कुणी मला अडवलं नाही.

खटला चालला, जन्मठेप झाली, पेपरात छापून आलं. ते सगळ्यांना माहीत आहे. काकीसाहेब बाळराजेंना घेऊन माहेरी गेल्या, तो चांगला शिकला, त्याला काही झालं नाही. मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. फौजदारांची गाडी यायची होती, तोवर काकासाहेबांना चौकातच एका खुर्चीत बसवलं होतं. फेटा उतरवलेला. आजूबाजूला शिपाई. मी समोर जाऊन उभी राहिले. याच एका क्षणासाठी मी इतकी वर्षं काढली होती. मी नाव सांगेन आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडेल, हे मी हजार वेळा मनात बघून ठेवलं होतं.

“कोण तू?” काकासाहेबांनी विचारलं.

“राही दाईची मुलगी. चिमा.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “कोण राही?”

मला वाटलं, ढोंग करतायत. मी म्हणाले, “जिला तुम्ही या चौकात चाबकाने फोडलं. जिने विमाताईला घाटावर पाहिलं.”

“असेल कुणी,” ते कंटाळून म्हणाले. “दाया काय, येतात नि जातात.”

ढोंग नव्हतं ते. खरंच आठवत नव्हतं त्यांना. माझ्या आईचा जन्म ज्याने मातीत घातला, त्याच्या डोक्यात तिला तिळाएवढी जागा नव्हती. मला वाटलं, धावून जाऊन याचा गळा दाबावा. शिपाई सावध झाले, त्यांना माझ्या डोळ्यांत दिसलं असणार.

मी गळा नाही दाबला. त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. राही कशी दिसायची ते सांगितलं. तिने विमाताईला पाजताना कोणतं गाणं म्हटलं ते सांगितलं. तिच्या पाठीवरच्या जखमा भरायला किती दिवस लागले, पावसाळ्यात त्यांचे वण कसे ठणकायचे, तिला पोरं काय म्हणून चिडवायची, ती मेली तेव्हा तिच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, सगळं. त्यांनी तोंड डावीकडे वळवलं की मी डावीकडे सरकायची, उजवीकडे वळवलं की उजवीकडे. मधूनमधून विचारायची, “नाव काय तिचं?” आणि ते बोलत नाहीत तोवर पुढे जायची नाही. पहिल्यांदा ते शिवी देऊन म्हणाले, “राही.” नंतर नुसतंच म्हणायला लागले, “राही.” शिपाईसुद्धा गुपचूप ऐकत होते.

गाडी आली. फौजदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, झालं ना आता? पुरे करा.”

“पुरे कसं होईल, साहेब?” मी म्हणाले. “तिचं लहानपण अजून सांगायचंय.” आणि मी काकासाहेबांच्या मागोमाग गाडीत चढले.